डाव्या हाताचा ब्रेक

आमच्या दरीचे फोटो काढायला लोक कुठून कुठून येतात. खाली तलाव, तिन्ही बाजूंनी डोंगर, सकाळी धुकं आणि नऊच्या सुमारास ऊन. 'स्वर्ग आहे हो तुमच्याकडे,' असं म्हणतात आणि माझ्या सहा खाटांच्या लॉजवर गरम पाणी कमी आलं की त्याच तोंडानं भांडतात. स्वर्गात बारा महिने राहणाऱ्याला विचारा म्हणावं. इथे धुतलेल्या चादरी चार-चार दिवस वाळत नाहीत.

या दरीभोवती एक रस्ता फिरतो. शहाण्णव किलोमीटर आणि तीन घाट. गावातून निघायचं, तलावाच्या कडेनं जायचं, तीन डोंगर चढायचे-उतरायचे आणि परत गावातच यायचं. वर्षातून एकदा त्यावर सायकलींची फेरी असते. सकाळी सहाला सुटते, दुपारी बाराच्या आत पुलावर परत पोचायचं. पोचलात तर पुलाच्या कठड्यावर तुमचं नाव रंगवतात. बारा वाजून एक मिनिट झालं तर नाही. बक्षीस नाही, पेला नाही, काही नाही. त्या एका नावापायी चांगली शिकली-सवरलेली माणसं मधल्या घाटात रस्त्यावर बसून रडताना मी पाहिली आहेत. त्या घाटाला आम्ही शिडी म्हणतो. एकवीस वळणं चढताना आणि एकवीस उतरताना.

माझा धाकटा भाऊ या फेरीचा मिस्त्री. माझ्या लॉजच्या खालीच त्याचं सायकलचं दुकान आहे. पस्तीस वर्षं झाली. चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. चाक उलटं लावून फिरवतो, डोळे मिटतो, स्पोक एकेक छेडत जातो आणि आवाजावरून सांगतो की हा सैल, हा जास्त ताणलाय. बोलायला मात्र एकदम घुम्या. दिवसभरात दहा वाक्यं बोलला तर मी विचारायची, 'काय रे, ताप आलाय का?' बोलण्याचं सगळं खातं आमच्या घरात माझ्याकडे. त्यापायीच तर हे सगळं झालं.

एकोणीस वर्षांचा असताना त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं चेनमध्ये गेली. उरलेल्या तिनात जोर नाही. सगळ्यांच्या सायकलीला पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, मागचा डाव्या. उतारावर खरं काम पुढचा करतो, पण तो जपून दाबावा लागतो, नाहीतर सायकल माणसाला डोक्यावरून फेकते. याच्या उजव्यात जीव नाही म्हणून यानं स्वतःच्या सायकलीच्या तारा अदलाबदल केल्या. पुढचा ब्रेक डाव्या हाताला, मागचा उजव्या. पस्तीस वर्षं तो तशीच चालवत आला. त्याला त्यात वेगळं काही वाटेनासं झालं. आपण चप्पल कुठल्या पायात आधी घालतो ते आपल्याला कुठे ठाऊक असतं? तसंच.

आणि हाच माणूस ब्रेकच्या बाबतीत इतका काटेकोर, की बघणाऱ्याला हसू यावं. त्याच्या दुकानातून सायकल बाहेर काढायची तर आधी त्याच्यापुढे परीक्षा. तो विचारणार, 'पुढचा?' तुम्ही दाबून दाखवायचा. 'मागचा?' तोही दाबून दाखवायचा. मग तो सायकल सोडणार. मोठमोठे साहेब शाळेतल्या पोरांसारखे उभे राहून दाबून दाखवायचे. मी कधी सायकलवर बसले नाही, नुसती दुकानातून अंगणात ढकलत नेली तरी मला विचारायचा. मी म्हणायची, 'अरे शहाण्या, मी ती कपडे वाळत घालायला नेतेय.' तरी विचारायचा.

बायको लवकर गेली त्याची. मुलगी तेव्हा चार वर्षांची. ती आमच्या दोघांत वाढली, वरच्या मजल्यावर माझ्याकडे निजायची, खाली टायरांच्या ढिगावर बसून अभ्यास करायची. शिकली, शाळेत विज्ञान शिकवायला लागली. याला जगात ती एकटी. मी आहे, पण बहीण म्हणजे घरातलं कपाट, असतेच. त्याचा सगळा जीव मुलीत. ती संध्याकाळी शाळेतून येऊन 'बाबा' म्हणाली की हा मान वर करायचा, आणि दिवसातलं त्याचं हसणं तेवढंच.

जावई धरणाच्या ऑफिसात होता. हसरा, खादाड, तोंडाचा सैल. मला 'आत्या, तुमच्या लॉजवर गरम पाणी येतं अशी अफवा ऐकली,' म्हणायचा. मला आवडायचा मेला. लग्नानंतर सासऱ्याचं बघून त्यालाही सायकलचं वेड लागलं. पहिल्या वर्षी फेरीत अर्ध्यावर बसला. दुसऱ्या वर्षी बारा वाजून चार मिनिटांनी पुलावर आला. चार मिनिटं! आठ दिवस त्याला जेवण गेलं नाही, आणि जेवण न जाणारा तो माणूस नव्हे. तिसऱ्या वर्षी म्हणाला, 'आता नाव नाही लागलं तर मी रात्री जाऊन स्वतःच रंगवून येतो.'

फेरीच्या दिवशी मिस्त्रीची जागा शिडीच्या माथ्यावर. तो पहाटेच आपल्या सायकलनं वर जायचा, हत्यारं आणि चाकं मागून गाडीतून यायची. त्या वर्षीही तसंच. जावई माथ्यावर पोचला तेव्हा त्याच्या मागच्या चाकाचे तीन स्पोक तुटलेले आणि रिम चिरलेली. बरोबर आणलेली दोन्ही चाकं आधीच दुसऱ्यांना देऊन झालेली. जावयानं घड्याळ बघितलं आणि तो मटकन खाली बसला. माझ्या भावाला ते बघवलं नाही. याच्या जुन्या सायकलीचं चाक त्याच्या सायकलीला बसणारं नव्हतं, पण दोघांची उंची सारखी. यानं आपली सायकल ओढली, त्याच्या हातात दिली आणि म्हणाला, 'माझी घे. पळ. अजून वेळ आहे.'

पुढचा? मागचा? विचारलं नाही.

इतक्या वर्षांत परक्या माणसाला न विचारता सायकल दिली नाही त्यानं. घरच्या माणसाला दिली. जावई उडी मारून बसला, ओरडून 'बाबा, जिंकलो!' म्हणाला आणि सुटला. सातव्या वळणावर खडी पडली होती. सायकल घसरायला लागली असेल, त्यानं मागचा समजून डावा कचकन दाबला असेल. पहिल्या सहा वळणांत कळलं नसेल का त्याला? कळलंही असेल. पण माणूस दचकला की हात जुनंच करतो. पुढचं चाक जागीच थांबलं आणि तो कठड्यावर जाऊन आदळला.

तीन दिवस हॉस्पिटलात होता. शुद्धीवर आला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी गेला.

मुलगी आत होती. मी आणि भाऊ बाहेर बाकावर. तिथे त्यानं मला सांगितलं. भिंतीकडे बघत म्हणाला, 'ताई, मी ब्रेक सांगितले नाहीत त्याला.' मला आधी समजेचना. मग समजलं. म्हणाला, 'आत जातो. तिला सांगतो.' उठलाच होता. मी त्याचा हात धरून खाली बसवला. मी! म्हटलं, 'वेडा झालास का? नवरा गेलाय तिचा, आता बापही घालवायचाय तिला? सगळे खडी खडी म्हणतायत, खडी होतीच. गप्प बस. झाकली मूठ सव्वा लाखाची.' तो बसला. लहानपणापासून माझं ऐकायची सवय. मी मोठी ना, मला जास्त कळतं ना!

खडी सगळ्यांना पटली. फेरीच्या कमिटीनं सातव्या वळणाच्या आधी 'सावकाश' अशी पाटी लावली, कठड्यावर जाळी बसवली. बैल गेला आणि झोपा केला.

नऊ दिवसांनी पोलीस चौकीतून सायकल परत आली. दुकानात भिंतीला टेकवून ठेवली होती. मला ती बघवेना, आणि त्याहून भीती वाटे की उद्या कुणी जाणता येईल, ब्रेक दाबून बघेल आणि गावभर करील. गावात तोंडं काय कमी आहेत? एका दुपारी मी खाली उतरले, दार लोटलं आणि म्हटलं, 'ते ब्रेक सरळ कर. सगळ्यांसारखे.'

तो म्हणाला, 'मग मला चालवता यायची नाही.'

मी म्हटलं, 'तू आता कुठे चालवणार आहेस?'

असं बोलले मी. पाठच्या भावाला. त्यानं तारा सोडल्या. दहा मिनिटांचं काम, त्याला तास लागला. मी सायकल धरून उभी होते. तीन बोटांच्या हातातून तार तीनदा निसटली, आणि प्रत्येक वेळी मी 'घाई कर' म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी मुलगी आली. ती दुकानात शिरली, सायकलीजवळ उभी राहिली. डावा ब्रेक दाबला. मागच्या चाकाकडे बघितलं. परत एकदा दाबला. मग सीटवर हात ठेवून म्हणाली, 'रंग गेलाय इथला.' आणि वर माझ्याकडे आली, चहा प्यायली. मी मनात म्हटलं, सुटलो. केवढी मी हुशार!

त्यानंतर वर्षभर ती दर रविवारी यायची. दहाला यायची, बारापर्यंत बसायची. भाऊ रविवारी पहाटेच उठून दुकान झाडायचा. तिच्यासाठी स्टूल पुसून ठेवायचा. पण बाकी दिवस त्याची दशा बघवत नव्हती. चाकाचा आउट निघेना त्याच्याकडून. लावायचा, फिरवायचा, सोडून द्यायचा. गिऱ्हाईक सायकल न्यायला आलं की तो आत जाऊन बसायचा. 'पुढचा?' हा शब्द त्याच्या तोंडून परत निघाला नाही. लोक आपापल्या सायकली घेऊन जायचे. जेवण म्हणजे दोन घास, झोप म्हणजे छताकडे बघणं. मी ओरडायची, तो ऐकून घ्यायचा. पालथ्या घड्यावर पाणी.

रविवारी मुलगी त्याला विचारायची. सहज विचारल्यासारखं. 'बाबा, त्या दिवशी तो फार घाईत होता का?' हा म्हणायचा, 'होता.' 'निघताना तुम्ही काय म्हणालात त्याला?' हा हातातला पाना खाली ठेवायचा, आणि तेवढ्यात मी चहा घेऊन हजर. 'कशाला गं पोरी तीच जखम उकरतेस? त्याची तब्येत बघ जरा.' दर रविवारी चहा मीच न्यायची. जिन्यात उभी राहून ऐकायची आणि नेमकी त्या वेळी उतरायची. एकदा तर तो बोलायला लागला होता, 'पोरी, तुला एक सांगायचं...' आणि मी पायरीवरूनच ओरडले की अरे, वरचा नळ गळतोय, आधी बघ. नळ धडधाकट होता. तो वर आला, नळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि परत खाली गेला. तोवर बारा वाजले होते. ती निघून गेली होती.

पुढच्या फेरीला पंधरा दिवस राहिले असताना ती मधल्या वारी आली. थेट वर. मी चादरींच्या घड्या घालत होते. म्हणाली, 'आत्या, मी बदली मागून घेतलीय. उद्या जाते.'

मी म्हटलं, 'अगं, बाबांना सांग आधी.'

'सांगितलं. बरं म्हणाले.'

'नुसतं बरं? तू गेलीस तर तो जगेल का गं?'

ती खाटेवर बसली. चादरीचं दुसरं टोक धरलं, घडी घालायला मदत करत म्हणाली, 'आत्या, माझा पुढचा दात कसा पडला, आठवतं?'

हातातली चादर तशीच राहिली. नऊ वर्षांची असताना ती बापाची सायकल न विचारता घेऊन उतारावर गेली होती आणि ब्रेक दाबल्याबरोबर हँडलवरून तोंडावर आपटली होती. मीच तिचं रक्त धुतलं होतं. मीच डॉक्टरकडे नेलं होतं. त्या दिवसापासूनच तर तो प्रत्येकाला पुढचा-मागचा विचारायला लागला होता! आणि मी हे विसरले. सगळ्या गावाची उणीदुणी पाठ असलेली मी, हे विसरले.

ती म्हणाली, 'तो बाबांच्या सायकलवर होता हे हॉस्पिटलात कळलं तेव्हाच मला सगळं कळलं. तीन दिवस मी त्याच्या उशाशी बसून तेच पचवत होते. आणि पचवलं मी, आत्या. चूक होती. माझ्या बाबांकडून चूक झाली, आणि त्यांना माझ्यापेक्षा जास्त लागलं असणार. म्हटलं, ते येतील, सांगतील, मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडेन. मला तरी दुसरं कोण आहे रडायला? ते आले नाहीत. मग मी दुकानात गेले तर ब्रेक सरळ केलेले.'

मी म्हटलं, 'ते मी करायला लावलं. त्याचा दोष नाही. मी लावलं.'

'हात त्यांचे होते,' ती म्हणाली. 'तरी मी वर्षभर येत राहिले. म्हटलं, आज सांगतील. आज तरी सांगतील. अठ्ठेचाळीस रविवार आले मी, आत्या. आता सांगितलं तरी मला ऐकायचं नाहीये. माझ्यातलं संपलं ते.' तिनं घडी घातलेली चादर माझ्या मांडीवर ठेवली आणि ती गेली. रडली सुद्धा नाही. रडली असती तर मी तिला धरून ठेवली असती.

मी खाली गेले. भाऊ दुकानात त्याच स्टुलावर बसला होता. म्हटलं, 'तिला सगळं ठाऊक होतं रे. पहिल्यापासून.'

तो म्हणाला, 'मला माहीत आहे. तिनं ब्रेक दाबला तेव्हा मी तिचं तोंड बघितलं.'

मी म्हटलं, 'मग मेल्या, बोलला का नाहीस? माझं कशाला ऐकत बसलास वर्षभर?'

'बोललो असतो तर ती आली नसती परत,' तो म्हणाला. 'न बोलता निदान रविवार तरी मिळाले.'

मी त्याला काय सांगणार होते? की एका वाक्यानं तुला जन्मभराचे रविवार मिळाले असते? त्यानं विचारलं, 'आणखी काय म्हणाली?' मी म्हटलं, 'एवढंच.'

मग त्या रात्री त्यानं पत्र लिहिलं. आता घालवायला काय उरलंय, म्हणाला. मोडक्या हातानं चार पानं लिहिली, मला वाचायला दिली नाहीत. तिच्या नव्या शाळेचा पत्ता घातला आणि स्वतः जाऊन पेटीत टाकलं. परत आला तो वर्षभरात पहिल्यांदा पोटभर जेवला. दुसऱ्या दिवशी एका चाकाचा आउट काढला, आणि मी वर खाटेवर बसून स्पोकांचे आवाज ऐकत राहिले.

अकराव्या दिवशी पत्र परत आलं. न फोडता. वर 'घेण्यास नकार' लिहिलेलं. पोस्टमन नेहमी माझ्याकडेच टपाल देतो, लॉजचं असतं ना. मी ते चादरींच्या कपाटात, अगदी खालच्या घडीत ठेवलंय. कुणी म्हणेल, बाई, अजून तुझी खोड जात नाही. नाही जात. काय करू? त्याच्या हातात देऊ ते?

दुपारी तो जेवायला वर येतो आणि विचारतो, 'ताई, काही आलं?' मी म्हणते, 'नाही रे.' तो म्हणतो, 'उत्तर नको देऊ दे. पण वाचलं तरी असेल ना तिनं?' आणि मी त्याच्या ताटात वाढता वाढता म्हणते, 'वाचलं असेल की. न वाचून राहील का?'